काळ्या स्क्रीनपुढे कुजबुजे

कुजबुजे हे त्यांचं आडनाव नव्हे. नाटक कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून त्यांनी उभा जन्म विंगेत काढला, तेव्हा कुणीतरी थट्टेने ठेवलेलं हे नाव त्यांना असं चिकटलं, की लग्नात मुलीकडची मंडळीही "कुजबुजे आले, कुजबुजे आले" म्हणत पुढे धावली होती. पण काय माणूस! नट अडखळणार हे नटाच्या आधी त्यांना कळायचं, नुसत्या त्याच्या भुवईवरून. मग विंगेतून दोनच शब्द यायचे. ते नटाच्या कानात बरोबर शिरायचे आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला पत्ता लागायचा नाही. नट टाळ्या घ्यायचा. कुजबुजे पान उलटायचे.

या कलेचा घरी मात्र ताप होता. समोरचा माणूस बोलता बोलता थांबला की कुजबुज्यांना राहवायचं नाही, पुढचा शब्द देऊन ते मोकळे व्हायचे. एक तरुण घरी आला, "मला तुमच्या मुलीशी…" एवढं बोलून घाम पुसायला थांबला. कुजबुजे म्हणाले, "लग्न करायचंय." तो तरुण आज त्यांचा जावई आहे. आपल्याला फक्त बुद्धिबळाचा एक डाव खेळायचा होता, असं तो अजूनही सांगतो. संसार छान चाललाय, तक्रार नाही.

पुढे त्यांचा घसा बिघडला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "बोला, हवं तर ओरडा. पण कुजबुजायचं नाही. त्याने घशावर उलट जास्त ताण येतो." पोहणाऱ्याला म्हणावं, सगळं करा, फक्त भिजू नका, तशातली गत!

कुणी दुसरा असता तर घरी बसला असता. पण कुजबुज्यांना घरी बसणं शक्य नव्हतं, कारण बाई. बाई म्हणजे कंपनीच्या मुख्य नटी. रंगमंचावर नुसत्या उभ्या राहिल्या तरी मागच्या रांगेतला माणूस ताठ बसायचा. त्यांना पहिला शब्द पुरवला तो कुजबुज्यांनी, आणि त्यानंतरचे सगळेही. आता वयामुळे बाई अडायला लागल्या होत्या. कंपनीचा मॅनेजर म्हणजे बाईंचा सख्खा मुलगा. त्याने सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, "आई, आता प्रयोगात एकदा जरी अडलीस ना, तर उद्यापासून तुझी भूमिका तुझी सून करणार." आणि सूनबाई दर प्रयोगाला तोंडाला रंग लावून पलीकडच्या विंगेत तयार उभ्या! सासूच्या प्रत्येक वाक्याबरोबर ओठ हलवत.

जावयाने तोडगा काढला. आपला जुना लॅपटॉप दिला, त्यातलं विंडोज काढून लिनक्स टाकलं. "बाबा, हा म्हातारा आहे, पण लिनक्सवर धावेल." नाटक मोठ्या अक्षरांत स्क्रीनवर दिसायचं, लॅपटॉप विंगेत स्टुलावर, तोंड रंगमंचाकडे. अडलं की बाईंनी तिकडे पाहायचं. तरी तालमीत बाई अडायच्याच. अक्षर आणखी मोठं केलं, तर आणखी अडल्या.

त्या दिवशी दुपारचा प्रयोग होता. प्रेक्षक येऊन बसले होते. एवढ्यात स्क्रीनवर एक प्रश्न आला, अपडेट करायचं का, आणि लॅपटॉप थांबला. नुसता थांबला नाही, कुजबुज्यांकडे बघत थांबला. त्यांनी आयुष्यात कुणालाही असं ताटकळत ठेवलं नव्हतं. त्यांनी "हो" दाबलं. थोडा वेळ गुरगुर झाली आणि स्क्रीन काळाठिक्कर पडला.

जावयाला फोन लागला.

"बाबा, मी मीटिंगमध्ये आहे," जावई कुजबुजला.

"वा जावईबापू, काय सुरेख कुजबुजता!" कुजबुजे खणखणीत आवाजात म्हणाले. "पण दातांतून हवा जातेय, जीभ जरा वर घ्या. बरं, लॅपटॉप काळा पडलाय."

"ग्राफिक्स ड्रायव्हर गेला असणार. लॅपटॉपला जे दाखवायचं असतं ते स्क्रीनला समजावून सांगणारा प्रोग्रॅम असतो तो."

"म्हणजे प्रॉम्प्टर."

"हं, तसंच. अपडेटने जुना काढून नवा बसवला. त्या नव्याला तुमचा जुना लॅपटॉप ओळखता येत नाही."

"जुन्याला काढलाच का पण?" कुजबुजे गरजले. पडद्यापलीकडची चुळबुळ जरा कमी झाली. "त्याचं काय चुकलं होतं?"

"बाबा, हळू!"

"मला हळू बोलायची मनाई आहे, जावईबापू."

मग कंट्रोल, ऑल्ट आणि वरच्या रांगेतलं एफ-तीन एकदम दाबायचं ठरलं. हातात फोन असल्यामुळे तिसरं बटण कुजबुज्यांनी नाकाने दाबलं. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं उगवली. मशीनने पासवर्ड विचारला. हातात आलेला प्रत्येक शब्द मोठ्याने वाचायचा ही जुनी सवय, आणि पासवर्ड जावयाने मोठ्या आशेने ठेवलेला. तो पडद्याआडून सगळ्या नाट्यगृहात घुमला. "हळू बोला!"

नाट्यगृह चिडीचूप झालं. एका बाळाने रडणं मध्येच थांबवलं.

मॅनेजर धावत आला. "काका, काय चाललंय? घंटा द्यायची की नाही?"

"दे. नवीन प्रॉम्प्टरला हाकलतोय, आलोच."

पलीकडच्या विंगेत सूनबाईंनी पदर नीट केला. बाईंनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"आता लिहा," जावई सांगू लागला, "सुडो."

"हा कोण?"

"कोणी नाही. मालकाचा हुकूम आहे असं समजा. पुढे, एपीटी. पुढे, रिमूव्ह. आता ड्रायव्हरचं नाव. लांब आहे, एकेक अक्षर सांगतो." त्याने एक्ससर्व्हर एवढं सांगितलं आणि तो एकदम गप्प झाला. मीटिंगमधल्या साहेबांनी त्याला काहीतरी विचारलं होतं.

कुजबुजे आता शहाणे झाले होते. या वेळी त्यांनी पुढचा शब्द पुरवला नाही. हा विराम लांब होता, भारदस्त होता, मुद्दाम घेतलेला वाटत होता. नट असा थांबला की प्रॉम्प्टरने तोंड उघडायचं नसतं, नाटकाच्या प्रतीत तिथे फक्त चांदणी काढायची असते. त्यांनी कीबोर्डवर चांदणी शोधली आणि काढली. वाक्य संपलं म्हणून एंटर दाबलं. मशीनने विचारलं, हो की नाही? आणि पुन्हा ताटकळत थांबलं. आता एवढ्या मालकाच्या हुकमानंतर नाही कसं म्हणायचं?

"हं बाबा," जावई परत आला. "एक्ससर्व्हरच्या पुढे लिहा…"

"चांदणी काढली."

फोनवर जो विराम पडला तो मात्र मुद्दाम घेतलेला नव्हता.

"बाबा, चांदणी म्हणजे त्या नावाने सुरू होणारं सगळं! ड्रायव्हरबरोबर चित्रं दाखवणारी अख्खी यंत्रणाच गेली तुमची."

"सगळे प्रॉम्प्टर?"

"प्रॉम्प्टर, नट, नेपथ्य, सगळं!"

तिसरी घंटा झाली. जावयाने कसाबसा नाटकाची फाइल साध्या काळ्या स्क्रीनवर उघडायचा हुकूम सांगितला. फाइल उघडली. पण त्या काळ्या स्क्रीनला आपली मराठी अक्षरं येत नव्हती. प्रत्येक अक्षराच्या जागी एक पांढरा चौकोन! पानभर चौकोन, ओळीमागून ओळी. कुजबुज्यांनी हताशपणे पान खाली सरकवलं. पुढच्या अंकातही चौकोनच होते.

पडदा वर गेला.

पहिला अंक बाईंनी सुरेख निभावला. दुसऱ्या अंकात मोठं स्वगत आलं आणि भुवई हलली. कुजबुज्यांना कळलं. पलीकडे सूनबाईंना कळलं. मॅनेजरलाही कळलं. बाई वळून विंगेकडे बघू लागल्या. कुजबुज्यांच्या ओठांवर पूर्ण वाक्य आलेलं, पण मोठ्याने बोलावं तर सगळ्या गावाला कळणार. त्यांनी लॅपटॉप स्टुलावरून उचलला, अपराध्यासारखा छातीशी धरला आणि ते चौकोन बाईंपुढे केले.

बाईंनी डोळे बारीक केले. मान हलवली. आणि त्या सुटल्या! स्वगत असं आलं, की शेवटी टाळ्या थांबेनात. तिसऱ्या अंकात त्यांनी आणखी दोनदा चौकोनांकडे पाहिलं आणि दोन्ही वेळा प्रेक्षकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. सूनबाई ओठ हलवायच्या विसरल्या.

प्रयोगानंतर कुजबुजे रंगपटात गेले. "बाई, माफ करा. ते नुसते चौकोन होते."

"मला आंधळी समजता का? दिसले की!" बाई तोंडावरचा रंग पुसत म्हणाल्या. "अहो, शब्द मला पाठ आहेत. वाक्य कुठवर न्यायचं आणि श्वास कुठे घ्यायचा, तेवढं निसटतं. लांब रांग म्हणजे लांब वाक्य, तोकडी रांग म्हणजे तोकडं. तुमची ती ठसठशीत अक्षरं असली की मी वाचत बसायची आणि वाचता वाचता अडायची. हे आधी का नाही सुचलं तुम्हाला?"

दारात मॅनेजर उभा होता. "आई, भूमिका तुझीच," तो म्हणाला, आणि बायकोला कसं सांगावं या विचारात निघून गेला.

एवढ्यात जावई घामाघूम होऊन आला. ऑफिसमधून थेट. कुणी काही सांगायच्या आत त्याने लॅपटॉप मांडीवर घेतला, पेनड्राइव्ह खुपसला, तोंडाने पुटपुटत पुन्हा सगळी यंत्रणा बसवली आणि जुना ड्रायव्हरही परत आणला. कुजबुजे त्याला थांबवणार होते, पण तो इतका रंगात आला होता, की या वेळी त्यांना मध्ये बोलवेना. शेवटी स्क्रीन उजळला. नाटकाचं पहिलं पान, काळीभोर, टपोरी, सुंदर अक्षरं.

जावयाने अभिमानाने तो बाईंपुढे धरला.

बाईंनी डोळे बारीक केले, मग मोठे केले. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "माझं नाटक पुसलंत की हो!"