उपड्या मडक्यातला केक

सकाळच्या गाडीने कर्जत सोडले तेव्हा माझ्या मांडीवर पितळेचा डबा होता आणि डब्यात कच्चा केक. आपल्याकडे मंगळवेढ्यात पुरणाचा गोळा घेऊन कोणी आगगाडीत बसल्याचे ऐकिवात नाही. पण कर्जत जंक्शन आहे. इथे काहीही गाडीत बसते.

डबा दुल्सीनबाईंचा. त्यांचे यजमान गोव्याचे, रेल्वेत गार्ड. मी मराठी चौथीतून शाळा सोडलेला, तीस वर्षांचा बाप्या. बायकोपोरांना गावी ठेवून इथल्या इंजिनांच्या शेडमध्ये हमालीला आलो आणि पहिल्याच महिन्यात हिवतापाने आडवा झालो. या बाईंनी मला आपल्या पडवीत झोपवले, वीस दिवस पेज पाजली आणि बरा झाल्यावर म्हणाल्या, "आता इथेच राहा." असे उपकार अंगावर असले की माणूस निवांत राहत नाही. आपल्या हातून त्यांची बशी फुटल्याची स्वप्ने पडतात.

नाताळासाठी घर पंधरा दिवस गाजत होते. कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन मोठी चांदणी झाली. येशूच्या गोठ्यासाठी मी मातीचे बैल केले, आपण बेंदराला करतो तसे, रंगवलेल्या शिंगांचे, पाठीवर झूल घातलेले.

"बेथलेहेमात बैलांना झूल असते का रे, सदू?" बाईंनी विचारले.

"नसली तर त्यांना हौस नसेल, बाई."

झूल राहिली.

केकची गोष्ट मात्र थट्टेची नव्हती. लढाईचे दिवस, साखर रेशनची. घरातल्यांनी चार महिने फिका चहा पिऊन ती साठवलेली. नाताळच्या दिवशी फादर आणि शेजारपाजारची सगळी कुटुंबे जेवायला यायची होती. भिसेगावच्या पाववाल्याची भट्टी मैद्यावाचून बंद. गेल्या वर्षी घरच्या शेगडीवर केलेला केक वरून कोळसा आणि आतून लापशी झाला होता. म्हणून यंदा तो खोपोलीला, शिळफाट्याच्या बेकरीत भाजून आणायचा होता.

"सांडू नको, हलवू नको, झोपू नको," बाईंनी बजावले.

"आणि जीव गेला तर?"

"जायच्या आधी डबा खाली ठेव."

पळसदरीला एका म्हाताऱ्याने नाक पुढे करून विचारले, "औषध हाय का रं?" रममध्ये मुरवलेल्या मनुकांचा वास त्याला बरोबर लागला होता. मी हो म्हणालो. तो उतरेपर्यंत डब्याकडे प्रेमाने बघत होता.

शिळफाट्याला बेकरीवाला दारातच चिखल कालवत बसलेला. "काल भट्टीचा घुमट बसला. आठ दिवसांनी या."

"आठ दिवसांनी नाताळ नाही हो!"

"मग माझ्या डोक्यावर भाजता काय?"

मी पायरीवर बसलो. आत अंडी, चार महिन्यांची साखर, बाहेर ऊन. डबा परत नेला तर बाई रागावणार नाहीत, हे मला ठाऊक होते, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. रागावल्या तर फिटंफाट तरी होते.

शेजारी वालाच्या शेंगा विकणारी एक बाई, हिराबाई, सगळे ऐकत होती. "एवढा बाप्या आन् डोळ्यात पाणी? कशाला रडतं रं?"

मी सांगितले.

"भाजायचंच हाय ना? चल माज्या शेतावं. पोपटी लावू." पोपटी (मडक्यात शेंगा भरून पेंढ्याच्या जाळात भाजणे) म्हणजे इथला थंडीतला जीव की प्राण.

बैलगाडीतून अर्ध्या तासात शेतावर पोचलो. भात कापलेले, मागे घाटाचा निळा डोंगर, बांधावर हिराबाईचा नवरा विडी ओढत बसलेला. "दिवसा पोपटी?" एवढेच तो म्हणाला. मी डबा हिराबाईच्या हाती दिला आणि पेंढा आणायला गेलो. तीच माझी चूक.

परत येतो तर डबा रिकामा आणि मडके जमिनीवर उपडे! वर गोवऱ्या रचलेल्या आणि जाळ लागलेला.

"मावशी! अहो, आत पातळ आहे!"

"म्हून तं तोंडात भांबुर्डा (रानातला वासाचा पाला) कोंबलाय घट्ट. पोपटी कुनी उताणी ठेवतं काय?"

"आणखी काय घातलंत?"

"मीठ, ओवा. नेमीचंच."

मी मडके उलटायला काठी शोधू लागलो. नवरा विडी पुढे करून म्हणाला, "ओढा. आता देवाच्या बापालाबी ते सुलटं करता नाय येत."

मडक्यावर पाणी शिंपडले, ते चर्रकन उडाले, म्हणजे झाले. मडके फोडले तर आत पेवाच्या झाकणासारखा तपकिरी घुमट, बुडाला पाला चिकटलेला. पाल्याला लागलेला चुरा नवऱ्याने चाखला. "ग्वाड हाय. पन वाल कुठं हायत?"

हिराबाईने केक केळीच्या पानात बांधला. "सन कसला रं तुमचा?"

"बाईंच्या देवाचा जन्म, मावशी. त्याची आई गोठ्यात बाळंत झाली."

"मंग? बाळंतिनीला ओवा नको? येडाच हायस!"

संध्याकाळच्या गाडीने परतताना मी दोनतीन खोट्या गोष्टी जुळवल्या. दारात बाईंना पाहिले आणि एकही आठवली नाही. सगळे खरे सांगून टाकले. हिराबाईचे बाळंतिणीचे बोलणेसुद्धा. बाईंनी पान सोडले आणि कडेचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

"माझी दोन्ही बाळंतपणं ह्याच क्वार्टरात झाली," त्या म्हणाल्या. "आई गोव्यात. ओवा द्यायला कोणी नव्हतं रे."

घर सोडून लांब आलेला या घरात मी एकटाच, असे मी समजत होतो. चौथीपर्यंतच्या शाळेत हे शिकवत नाहीत. पुढे शिकवत असतील तर माहीत नाही.

नाताळच्या दिवशी बाईंनी केक स्वतः कापला. फादरांनी एक फोड संपवली, बोटे चाटली आणि बशी पुन्हा पुढे केली. बाईंनी सुरी बाजूला ठेवली.

"बाळंतिणीचा आहे, फादर. पुरुषांना एकच."