मंदाबाईंची पगारी रजा

कंपनीत लोकांना रजेचे नियम समजावून सांगणं हे माझं काम आहे. या कामापायी माझी स्वतःची रजा दरवर्षी वाया जाते! यंदा मात्र साहेबांनीच दम भरला, "घ्या हो रजा, पगार काय कापणार नाही!"

मी तडक दिवेआगरला थोरल्या बहिणीकडे, नीलाताईकडे गेलो. तिची नारळी-पोफळीची वाडी, वाडीत पाहुण्यांसाठी खोल्या आणि रांधायला मंदाबाई. झोपाळ्यावर लोळायचं आणि जेवणापुरतं उठायचं, एवढाच बेत होता.

पहिल्याच दिवशी मंदाबाई चहा घेऊन आल्या.

"दादा, आज कामाला खाडा?"

"खाडा नाही हो, रजा. पगारी!"

"म्हंजे न जाता बी पगार?"

"पूर्ण!"

"आनि मालक वरडत न्हाय?"

"ओरडेल कसा? हक्क आहे तो!"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण बोलण्याचाच पगार घेणारा माणूस गप्प कसा बसेल? माणसाला विश्रांती का लागते, रजेत मोबाइल बंद का ठेवावा, सगळं सांगितलं. शेजारी सुपारी सोलत बसलेली ताईसुद्धा विरघळली.

"खरंय रे. मंदा, तूही घे हो पगारी सुट्टी."

"कवा, ताई?"

"हवी तेव्हा!" मी परस्पर सांगून टाकलं. (दुसऱ्याच्या घरी उदार व्हायला काय जातं?)

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाबाई नवी साडी नेसून फाटकात उभ्या!

"जाते लेकीकडं, म्हसळ्याला. मोबाइल बंद हाय, दादांनी सांगितला तसा."

"अगं मंदा, आज शनिवार..." ताई धावली, पण रिक्षा सुटली होती.

शनिवार म्हणजे सगळ्या खोल्या भरलेल्या! त्यात पुण्याच्या मंडळींनी उकडीचे मोदक सांगून ठेवलेले. पाहुणा एकदा नाराज झाला की पुन्हा फिरकत नाही, म्हणून ताई रडकुंडीला आली. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"शेखर, ऊठ! सुट्टी तू दिलीस ना? खोव नारळ."

नारळाबरोबर मी बोटही खोवलं. सुरमई साफ करायला घेतली, तर अर्धी मांजरीने साफ केली. मोदकाला कळ्या पाडायला गेलो, तर सारण वाट फुटेल तिकडे पळालं.

एक छोटी पाहुणी म्हणाली, "काका, हे मोमो आहेत का?"

"खा गुपचूप!" मी म्हणालो. ताईने पाठीत धपाटा घातला.

शेवटी पुण्याच्या काकूच पदर खोचून आत आल्या. "सरका तुम्ही! उकड अशी मळतात होय?" बँकेतून चार दिवस विसाव्याला आलेल्या त्या बाईंनी पाहुण्यांचे सगळे मोदक वळले. (त्यांचीही पगारी रजाच होती!) ताईची अब्रू वाचली. मी भांडी घासली.

रविवारी संध्याकाळी मंदाबाई परतल्या. चेहरा कसा टवटवीत! माझ्या कपाळावरचं पीठ आणि बोटाला बांधलेली चिंधी पाहून त्यांना मनापासून वाईट वाटलं.

"दादा, उद्या कंपनी चालू हाय ना? मंग जावा, जरा इसावा घ्या!"

सोमवारी ऑफिसात खुर्चीला पाठ टेकताच माझा डोळा लागला. साहेबांनी गदागदा हलवलं.

"अहो, रजेवरून आलात ना?"

"नाही साहेब," मी जांभई देत म्हणालो, "रजेवर आत्ता आलोय!"