न शिवलेल्या पिशव्या

परवा यांचं वर्षश्राद्ध झालं, इथेच रत्नागिरीच्या घरी. जेवणं आटोपल्यावर यांचा भाचा हसत म्हणाला, "मामा पण काही कमी नव्हते हां... गांजापायी लायसन गेलं होतं त्यांचं." सगळे हसले. मी ताकाचं पातेलं उचलून आत गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले.

म्हणून आज लिहायला बसलेय...

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट असेल. हे आंब्याच्या पेट्यांचा ट्रक घेऊन मुंबईला जायचे. निघायच्या दिवशी आळीतली माणसं आपापल्या मुंबईकरांसाठी पिशव्या आणून द्यायची... सुकट, आमसुलं, कुळथाचं पीठ. पिशवीचं तोंड सुई-दोऱ्याने शिवलेलं, वर नावाची चिठ्ठी. आत काय आहे ते विचारायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. विचारलं तर समोरच्याला वाईट वाटायचं.

एका दुपारी हे आंघोळीला गेले होते आणि एक अनोळखी माणूस पिशवी घेऊन आला. लांज्याकडचा आहे म्हणाला, दादरला भाऊ येईल घ्यायला. मी पिशवी ठेवून घेतली. वर त्याला पाणी दिलं, गुळाचा खडा दिला... काय म्हणावं माझ्या पाहुणचाराला!

खेडच्या पुढे पोलिसांनी ट्रक थांबवला. त्या पिशवीतल्या पिठाच्या डब्यात गांजाची पुडी निघाली.

मी भेटायला गेले तेव्हा म्हटलं, साहेबांना सांगून टाकते, पिशवी मी घेतली म्हणून. हे गजांपलीकडून म्हणाले, "तू गप ऱ्हा गो. पोरां लहान हायत. तुजा नाव मधी येता कामा नये."

वकिलांनी सुचवलं, पुडी स्वतःला ओढायला होती असं म्हणा, शिक्षा कमी होईल. यांनी तसं कबूल केलं. ज्यांनी कधी विडीला हात लावला नाही, ते कागदावर गांजेकस ठरले... थोडे महिने तुरुंग, आणि लायसन दीड वर्ष सस्पेंड.

सुटून आल्यावर हे ट्रकमालक शेठच्या वखारीत आंब्याच्या पेट्या ठोकायला बसले. ट्रक दुसराच ड्रायव्हर न्यायचा. मी डबा घेऊन जायचे तेव्हा बघायचे ना... ट्रक सुरू झाला की यांचा हातोडा थांबायचा. आवाज वळणापलीकडे गेला की पुन्हा ठकठक सुरू.

लायसन परत मिळालं त्या दिवशी मी पेढे आणले. वाटलं, सुटलो एकदाचे.

पहिल्या खेपेला शेजारच्या काकू पिशवी घेऊन आल्या. पिशवीचं तोंड उघडं, आणि हातात सुई-दोरा. "बगून घ्या हो भाऊ," त्या म्हणाल्या, "सुकटच हाय. तुमी बगितलात की मग शिवतंय."

काकूंच्या मनात काही वाईट नव्हतं हो. यांना पुन्हा त्रास नको, एवढंच त्यांना वाटलं असणार. पण यांचा चेहरा असा काही उतरला... तुरुंगात भेटायला गेले तेव्हाही तसा नव्हता. यांनी आत पाहिलं नाही. काकूंच्या हातातली सुई घेतली आणि पायरीवर बसून पिशवी शिवली.

मग सगळ्यांच्याच पिशव्या उघड्या येऊ लागल्या. ट्रक चालवणं सोडेपर्यंत दर खेपेला हे पायरीवर बसून त्या शिवायचे, आत एकदाही न बघता. मी शेजारी बसून सुई ओवून द्यायचे... आणि गप्प राहायचे. गप राहा म्हणाले होते ना. एरवी कधी ऐकलं नाही मी त्यांचं, तेवढं मात्र बरोबर ऐकलं.

ती पिशवी मी घेतली होती. एवढं एकच वाक्य... हे असताना, त्या पायरीवर, काकूंच्या समोर म्हणायला हवं होतं मी.