आपल्या पायानं चालणारा माल

पाणी मीच मोजून दिलं होतं. तरी भरल्या प्रयोगशाळेत, प्राचार्यांसमोर मी म्हणालो, "मामांनी पाणी कमी घातलं."

शिवाप्पामामा म्हणजे आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले मदतनीस, मूळचे अणदूरचे गवंडी. कालवलेल्या मालाला तळहात लावून ते सांगायचे, "आज कुरकुरतंय बगा, राख भरड हाय." गवंड्याला पाणी चुकलं म्हणणं म्हणजे त्याच्या साऱ्या आयुष्यावर बोट ठेवणं. हे कळत असूनही मी बोललो.

साखर कारखान्याच्या बॉयलरची राख आणि जुन्या टायरमधल्या बारीक तारा घालून मी काँक्रीट करत होतो. न ठोकता साच्यात स्वतःच पसरणारं, तडा गेला तरी तारांनी धरून ठेवलेलं. मामा त्याला 'आपल्या पायानं चालणारा माल' म्हणत.

त्या दिवशी मी सगळ्या तारा एकदम ओतायला लावल्या.

"सर, थोड्या थोड्या सोडू का?"

"मामा, संशोधन तुमचं का माझं?"

तारांचे गोळे झाले, माल साच्यात निम्म्यावर अडकला आणि मी पाण्याचं नाव घेतलं. मामांची रवानगी भांडार झाडायला झाली. ते झाडू उचलून निघून गेले.

पुढचे तीन मालही अडकले. शेवटी मी भांडारात गेलो. मामा हसले. "घरी पिठलं करतात का न्हाय? बेसन एकदम वतलं की गुठळ्याच की! तारा भुरभुरवत सोडा. आन् आदी राख चाळा."

मी त्यांना मिक्सरवर परत आणलं. कारण मात्र कुणाला सांगितलं नाही. त्यांनी चिमटीचिमटीनं तारा सोडल्या. माल साच्यात बांधलेल्या सळयांच्या दाटीतून सरकत थेट दुसऱ्या टोकाला पोचला. "आलं, आलं! कुणी ढकललं व्हय त्याला?" मामा ओरडले.

अठ्ठावीस दिवसांनी, काँक्रीट पक्कं झाल्यावर, त्या साच्यातली तुळई भार देणाऱ्या यंत्राखाली ठेवली. तडा गेला, पण तुळई तुटेना. भाराचा काटा चढतच राहिला. फटीत तारा दोन्ही कडा घट्ट धरून होत्या. मुलांनी टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. प्राचार्यांनी माझा हात हातात घेतला आणि मामांकडे वळून हसत म्हणाले, "काय शिवाप्पा, आता पाणी मोजून घालता ना?"

सगळे हसले. मामांनी मान खाली घातली.

मी हात सोडवून घेतला. "सर, पाणी त्या दिवशीही बरोबर होतं. तारा मी एकदम टाकायला लावल्या आणि खोटं बोललो. आजची तुळई मामांच्या हातची आहे." मग मुलांसमोरच वाकून मी त्यांच्या पायाला हात लावला. "मामा, तुमच्या हातावर मी खोटा आळ घेतला. मला माफ करा."