दोन्ही वाट्यांखाली फज

मागच्या पार्सलमध्येही फज का नव्हतं, असं तुम्ही दोघा नातवंडांनी फोनवर विचारलंत. "हल्ली जमत नाही," असं मी म्हणाले. ते खरं नव्हतं. काय झालं ते क्रमाने लिहिते.

फज मी लहानपणी दौंडला शिकले, रेल्वे क्वार्टर्समध्ये शेजारी राहणाऱ्या मॅडमकडून. दूध, साखर, लोणी आणि कोको मंद आचेवर आटवायचं. थेंब गार पाण्यात टाकून बघायचा, त्याची गोळी वळली की ताटात ओतायचं. निवल्यावर पट्टी लावून एकसारखे चौकोन कापायचे. लग्न होऊन शिरूरला आले, पुढे शाळेत इंग्रजी शिकवू लागले, तरी कुठलंही बोलावणं आलं की फजचा डबा माझ्याबरोबर असायचाच. लोक मागून घेत. मला त्याचा थोडा तोराही होता.

दोन वर्षांपूर्वी समोरच्या घरी डोहाळजेवण ठरलं. सुनेला सातवा महिना होता. थोरली मुलगी चार वर्षांची. दुसऱ्या खेपेला सहसा कोणी डोहाळजेवण करत नाही. पण सगळी लक्षणं मुलाची आहेत, असं कुणीतरी सासूबाईंना सांगितलं होतं. तेव्हापासून सुनेला रोज पेलाभर दूध, दुपारी झोप आणि धुण्याला बाई मिळाली होती.

डोहाळजेवणात दोन वाट्या पालथ्या ठेवतात, हे तुम्हाला माहीत नसेल. एकीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. गरोदर बाईने एक वाटी उचलायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. एरवी ही गंमत असते. त्या घरात ती गंमत नव्हती. वाट्या मांडायचं काम माझ्याकडे आलं होतं.

आदल्या दिवशी दुपारी सून माझ्या स्वयंपाकघरात आली.

"आजी, दोन्हीखाली पेढाच ठेवा ना."

"अगं, पेढ्यानं कधी मुलगा होतो का?"

"न्हाई होत. म्हाईत हाय मला. पण दोन महिने तरी नीट जातील."

मी तिला समजावत बसले. असं करणं म्हणजे त्या खुळ्या समजुतीला खतपाणी घालणं, तू शिकलेली आहेस, वगैरे. शेवटी म्हणाले, "मी असं काहीतरी करते की तो खेळच मोडेल." ती उठून गेली. तिला पटलं, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी दोन्ही वाट्यांखाली मी फज ठेवलं. पेढाही नाही, बर्फीही नाही. बायका हसतील आणि विषय संपेल, असा माझा अंदाज.

हिरवी साडी नेसून, फुलांचे दागिने घालून ती पाटावर बसली होती. वाटीला हात लावण्याआधी तिने माझ्याकडे पाहिलं. मी हसले. तिने वाटी उचलली.

"अगं बया, बर्फी!" कुणीतरी ओरडलं.

"बर्फी कुठली? काळी हाय की ती."

"चाकलेटची हाय. पेढा कवा चौकोनी असतो व्हय?"

"बर्फी नाही, फज आहे ते," मी म्हणाले. कोणी लक्ष दिलं नाही.

"दुसरी उचल गं, दुसरी. पेढा तिथं असंल."

दुसरीखालीही चौकोनच निघाला.

"दोन्हीकडं बर्फी! जुळ्या पोरी घेऊन यती का काय ही!"

सगळ्या हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातून डबा घेतला आणि "घ्या, बाईंनी केलंय" म्हणत प्रत्येकीपुढे धरला. सुनेपुढे तो थांबला नाही.

दुसऱ्या दिवसापासून धुण्याची बाई बंद झाली. जड चादरी पिळताना सून मला गच्चीवर दिसायची. मी सासूबाईंशी बोलायला गेले. "बाई, आमी तिला काय बोललो का?" त्या म्हणाल्या. "तिच्याच हातानं तिनं उचललं."

तीन आठवड्यांत तिला थोरलीसकट यवतला माहेरी धाडलं. मुलगी झाली, दिवस भरायच्या आधीच आणि अगदी लहानखुरी. नवरा कारेगावला कारखान्यात आहे. सुट्टीच्या दिवशी एकदा जाऊन आला, पुन्हा गेला नाही. आणायला आजवर कोणी गेलेलं नाही.

मुलगी व्हायचीच होती, पेढ्याने काय बदललं असतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. त्यात काही चूक नाही. पण तिने मुलगा मागितलाच नव्हता. दोन महिने मागितले होते, आणि तेवढे माझ्या हातात होते.

बाळ चार महिन्यांचं असताना मी चौफुल्याला बस बदलून यवतला गेले. तिच्या आईने चहा टाकला. लसीचं कार्ड खाटेवर पडलं होतं. त्यावर नावाच्या जागी 'बेबी' आणि पुढे आईचं नाव.

"नाव नाही ठेवलंत?" मी विचारलं.

"आत्याबिगर नाव कोण ठेवणार, आजी? तिकडनं कुणी आलंच न्हाई."

"तुझ्या नणंदेशी मी बोलते. आजच फोन करते."

तिने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"नको आजी. आता तुमी काय बी करू नका."

आतून कपबशा आल्या, चहा घेऊन मी निघाले. त्यानंतर मी फज केलेलं नाही.