निर्गुडीच्या पाल्यातली कविता

शेणवे गावी भाताचं बियाणं आणायला गेलो, तेव्हा बियाणं देणाऱ्या म्हाताऱ्या बाई अंगणात बियाण्यासोबत एका जुन्या डायरीलाही ऊन दाखवत होत्या. डायरी त्यांच्या आत्याची. ती महायुद्धात लष्करी इस्पितळात नर्स होती. एका पानावर तिथल्या एका जखमी जवानाच्या वर्दीचं बटण दोऱ्याने अडकवलेलं, खाली त्यानेच लिहिलेली कविता. लिपी अनोळखी. मी मुळातच चोंबडा.

"फोटो काढू? मोबाइल लगेच अर्थ सांगेल."

बाईंनी पानावर तळवा ठेवला. "नको रे. बरा झालो का मीच अर्थ सांगीन, असं तो बोलला व्हता, पण परत भेटलाच नाय. आत्यानं मरेपर्यंत दुसऱ्याकडून वाचून घेतली नाय."

कीड लागू नये म्हणून निर्गुडीचा ताजा पाला घालून त्यांनी डायरी बियाण्याच्या कणगीत ठेवली.

"तिनं जन्मभर वाट बघितली. आपल्यालाच कसली घाई?"