टोपलीवालीचा कप

दाभाडकरांच्या घरी गेलं की 'बसा' म्हणायच्या आधी ते आपल्या हातात काहीतरी द्यायचे. कधी छत्री, कधी नारळ, कधी रिकामा तांब्या. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा झाडू दिला. "असाच धरा, हलू नका," म्हणाले आणि स्टुलावर बसून त्यांनी टाक शाईत बुडवला. मी त्यांच्या व्यंगचित्रांचा भक्त. भाईंदरला खाडीकडच्या गल्लीत, माझ्या बिऱ्हाडापासून चार घरं सोडून, प्रत्यक्ष दाभाडकर राहायला आलेत हे कळल्यावर कचेरीच्या कपड्यांनिशी धावत गेलेला. तो मी अर्धा तास झाडू धरून उभा. शेवटी कागद लांब धरून पाहत ते म्हणाले, "चेहरे मला न बघता येतात. हात येत नाहीत. तोंड नुसतं वाजतं हो, बोलतो तो हात." त्या आठवड्याच्या चित्रात कुठल्याशा रावबहादुराच्या चेहऱ्याखाली माझे हात होते. ते पान मी कचेरीत निदान चौदा जणांना दाखवलं असेल.

ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. मुंबईच्या एका साप्ताहिकाचं शेवटचं पान दाभाडकरांचं होतं आणि लोक ते साप्ताहिक मागूनच उघडत. चित्रात मोठमोठी माणसं आपापला मूर्खपणा करत असायची, आणि उजव्या कोपऱ्यात, तळाशी, अंगठ्याएवढी एक बाई उभी असायची. डोक्यावर टोपली, कमरेवर हात. ती एकच वाक्य बोलायची आणि वरच्या सगळ्या पगड्या-टोप्या खाली यायच्या. वाचक तिला टोपलीवाली म्हणत. तिच्या नावानं पत्रं येत. एका गृहस्थानं तर मुलीचं स्थळ पसंत करावं की नाही हे टोपलीवालीला विचारलं होतं. दाभाडकरांनी ते पत्र मला वाचून दाखवलं आणि म्हणाले, "बघा, विधुराच्या घरात बाई नाही, पण सल्ला बाईचाच हवा."

ते एकटेच राहत. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. दर मंगळवारी सकाळी चित्राची गुंडाळी पत्र्याच्या नळीत घालून ते माझ्याकडे देत आणि मी कचेरीत जाण्याआधी ती साप्ताहिकाच्या ऑफिसात पोचवत असे. पेन्सिल त्यांच्या घरात नव्हती. एकदम शाईनं काढायचं. चुकलं तर कागद फाडायचा, पण चुकलेल्या रेघेवर रेघ मारायची नाही. "दुसरी रेघ मारली की तो खुलासा झाला," ते म्हणत. "खुलासे वकिलांनी करावेत." हे वाक्य मला इतकं आवडायचं की मी ते कचेरीत स्वतःचं म्हणून वापरत असे.

टोपलीवाली खरी होती, हे मुंबईत कोणाला माहीत नव्हतं. तिचं नाव रोजाबाय. उत्तनच्या पुढं चौक म्हणून गाव आहे, तिथली. पहाटे मासळीची टोपली घेऊन ती भाईंदरला यायची. दाभाडकर शाकाहारी, पण त्यांच्या ओट्यावर ती दोन घटका टेकायची. मग दाभाडकर म्हणायचे, "रोजाबाय, जरा उभी राहा." ती पुन्हा टोपली डोक्यावर घेऊन उभी राहायची आणि बजावायची, "लवकर काड रं मास्तर. मावरा ऱ्हाईल न्हाय तुज्या चित्रासाटी." मावरा म्हणजे मासळी. चित्र झालं की दाभाडकर तिला चहा देत.

तिचा कप वेगळा असे. ओट्यावरच्या कोनाड्यात तो पालथा घातलेला असायचा, कान तुटलेला. आमच्यासाठी निळ्या काठाचे सहा कप आत फळीवर. मला त्यात तेव्हा काही वावगं वाटलं नाही, कारण आमच्याही मागच्या दारी असा एक कप होता. रोजाबायची एक गंमत मात्र आम्हाला वाटायची. ती कधीच पुरा चहा प्यायची नाही. अर्धा प्यायची, दारातल्या बदामाचं एक पान उचलून कपावर झाकायची आणि जायची. ती वळणाला गेली की दाभाडकर तो चहा बदामाच्या मुळाशी ओतत. "धड चहासुद्धा पिता येत नाही या लोकांना," असं म्हणत, आणि मी हसत असे.

मग ती सभा झाली. साप्ताहिकाच्या वाढदिवसाची, गिरगावात. खुर्च्या कमी पडल्या इतके वाचक लोटले होते. दाभाडकर बोलायला उभे राहिले आणि पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी सभा खिशात घातली. तेवढ्यात मागून कोणीतरी विचारलं, टोपलीवाली खरोखरची आहे का, आणि असेल तर इतकं शहाणपण तिला सुचतं कुठून?

दाभाडकर म्हणाले, "बाई खरी आहे, शहाणपण माझं आहे. त्या काळ्या दर्यावर्दी वंशाला डोकं असतं तर त्यावर टोपली कशाला ठेवली असती? देवानं त्यांना बोलणं दिलेलं नाही, नुसता वास दिलाय."

सभा खो खो हसली. टाळ्या पडल्या. मी दुसऱ्या रांगेत होतो. मीही हसलो, चांगला मांडीवर हात मारून हसलो.

दोन दिवसांनी एका दैनिकात ते वाक्य जसंच्या तसं छापून आलं, आणि छापलेलं वाक्य हसत नसतं. वसईपासून वांद्र्यापर्यंतच्या ख्रिस्ती वाड्यांतून, मुंबईच्या कोळीवाड्यांतून साप्ताहिकाकडे पत्रं गेली. संपादकांनी दाभाडकरांना बोलावलं नाही, स्वतः भाईंदरला आले. मी तिथंच होतो. ते म्हणाले, "चार ओळी लिहून द्या. चुकलं म्हणा. पान तुमचंच आहे." दाभाडकरांनी त्यांच्या हातात अडकित्ता दिलेला होता, तो तसाच धरून संपादक बोलत होते. दाभाडकर म्हणाले, "मी दुसरी रेघ मारत नाही." पुढच्या अंकात शेवटच्या पानावर केसांच्या तेलाची जाहिरात होती.

त्यानंतर चाहत्यांचा जो पूर आला, तो मी आधी कधी पाहिला नव्हता. पोस्टमन पत्रांचा गठ्ठा सुतळीनं बांधून आणी. अर्ध्या पत्रांत शिव्या, अर्ध्यांत आरत्या. शिव्या दाभाडकर शांतपणे वाचत. एक पाकीट मात्र वाचता येण्यासारखं नव्हतं. उत्तनच्या शाळेतल्या एका मास्तरांनी गेल्या पाच वर्षांतली सगळी शेवटची पानं परत पाठवली होती. ती त्यांनी जपून ठेवलेली असणार, घड्या सरळ होत्या. प्रत्येक पानाचा उजवा कोपरा कात्रीनं नीट कापलेला. सोबत दोन ओळी: "आपली चित्रे परत करीत आहे. टोपलीवाली ठेवून घेतली आहे, ती आमची आहे." दाभाडकर ती भोकाभोकांची पानं एकेक करून उजेडात धरत राहिले. मी उठून घरी आलो. घरी माझ्याही वहीत ती सगळी चित्रं चिकटवलेली होती. ती काय करावीत हे मला कळेना, म्हणून वही ट्रंकेत तळाशी घातली.

आरत्यावाले प्रत्यक्ष आले. तिघं जण, शाल आणि नारळ घेऊन. एक म्हणाला, "खरं बोलायची हिंमत तुमच्यातच. आम्ही नवं साप्ताहिक काढतोय. आता त्या बाईचं खरं चित्र काढा, आहे तशी घाणेरडी." आणि त्यानं कमरेवर हात ठेवून, नाक मुरडून, तिची नक्कल करून दाखवली. दाभाडकरांनी नारळ त्याच्याच हातात दिला. "हलू नका," म्हणाले. बराच वेळ बघत राहिले, टाक शाईत बुडवलाच नाही. मग म्हणाले, "मला नाही येत ते चित्र." तिघं आणखी दोनदा आले, मग यायचे थांबले. ती पत्रंही थांबली. शिव्यासुद्धा थांबल्या, आणि त्याचं त्यांना जास्त लागलं असं मला वाटतं. मंगळवारी सकाळी मी सवयीनं त्यांच्या दारावरून जाई. ते ओट्यावर बसलेले असत, नळी मांडीवर. "गाडी चुकेल तुमची," एवढंच म्हणत.

रोजाबाय यायची बंद झाली होती. दुसऱ्या गल्लीनं जायची. महिन्या-दोन महिन्यांनी दाभाडकर मला म्हणाले, "ती कमरेवर हात ठेवते तेव्हा अंगठा पुढं असतो की मागं?" मला आठवेना. "मलाही आठवत नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज त्या दिवशी मला प्रथमच म्हातारा वाटला. पान गेलं होतं, त्याचं ते बोलत नव्हते. तिनं एकदा ओट्यावर येऊन उभं राहावं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि 'चुकलं' हा शब्द सोडून त्यासाठी ते काहीही करायला तयार होते.

त्या रविवारी त्यांनी कोनाड्यातला तो कान तुटलेला कप घासून, नव्या हातरुमालात बांधून माझ्याकडे दिला. "हा तिचा कप. तिला नेऊन द्या. जागा तशीच आहे म्हणावं." शब्द न बोलता माफी मागायची ही त्यांची रीत होती. आम्हा दोघांनाही ती फार मोठ्या मनाची वाटली, हे आज लिहिताना लाज वाटते.

टांग्यानं उत्तनला गेलो, तिथून चालत चौकला. बाया देवळातून, म्हणजे चर्चमधून, परतत होत्या. रोजाबाय दारात सुके बोंबील निवडत बसली होती. तिनं रुमाल सोडला, कप हातात फिरवला.

"ह्यो काय?"

"तुमचा कप," मी म्हणालो, आणि तिला बरं वाटावं म्हणून पुढं जोडलं, "इतकी वर्षं त्यांनी दुसऱ्या कोणाच्या तोंडाला लावू दिला नाही."

"मंग तो कशान प्यायचा?"

"त्यांचे आत आहेत ना. निळ्या काठाचे. सहा."

"सहा," ती म्हणाली. बोंबील निवडणारा हात थांबला होता. "मना वाटला, येकला गरीब मानूस, घरान येकच कप हाय, त्याचा पन कान तुटलेला. म्हनून मी अर्धी चाय ठेवायची. पान झाकून ठेवायची, त्याला गरम भेटली पायजे."



"सभेन बोलला ते शाळंच्या मास्तरानी वाचून सांगितला मना," ती म्हणाली. "राग आला व्हता. पन राग जातो. मी येनार व्हते." तिनं कप पुन्हा रुमालात बांधला, चांगली गाठ मारली आणि माझ्या हातात दिला. "घेऊन जा भाऊ. माज्या घरान कान असलेलं कप हायेत."

मी परत येऊन दाभाडकरांना सगळं सांगितलं. काही गाळावं असा विचार वाटेत शंभरदा केला, पण जमलं नाही. ते ऐकत होते, आणि शेवटी एकच म्हणाले, "पान त्यासाठी झाकायची?" मग उठून बदामापाशी जाऊन उभे राहिले.

पुढं सहा-सात वर्षं ते जगले. युद्ध आलं, कागद महाग झाला, साप्ताहिक चार पानांचं झालं आणि लोक शेवटच्या पानासकट दाभाडकरांना विसरले. आम्ही कितीतरी रविवारी चौकला जायला निघालो. कोट घालून, छत्री घेऊन ते टांग्यापर्यंत येत आणि तिथून परत फिरत. एकदा मी जरा चिडूनच विचारलं, "तिला इतकं भ्यायचं काय कारण? बोलेल दोन शब्द." ते म्हणाले, "शिव्या देईल याची भीती नाही हो. ती चहा देईल."

छातीच्या दुखण्यानं ते गेले. खांदा द्यायला आम्ही शेजारचे पाच जण होतो. शाल घेऊन आलेले तिघं नव्हते, कचेरीतल्या ज्या चौदा जणांना मी ते पान दाखवलं होतं, त्यांच्यातलं कोणी नव्हतं. बाराव्यानंतर घर रिकामं करायला मीच गेलो. खाटेखाली कागदांची चवड होती. सगळ्यांवर एकच चित्र, कपावर पान झाकणारा एक हात. आणि एकाही कागदावर रेघ एकेरी नव्हती. अंगठ्यावर रेघ, तिच्यावर रेघ, पुन्हा रेघ, शाई कागदातून पार गेलेली. मी ओट्यावर बसून रडलो.

कोणीतरी समोर टोपली उतरवली. रोजाबाय होती, पिकलेली. "मेला म्हनं मास्तर," म्हणाली आणि पूर्वीच्याच जागी टेकली. मी आत जाऊन चहा केला. निळ्या काठाचे दोन कप घेतले, एक तिला दिला, एक मी घेतला. चित्र दाखवलं. तिनं ते पाहिलं, आपला हात पाहिला. "आंगठा चुकला हाय," म्हणाली.

इतकी वर्षं न सांगितलेलं मी तेव्हा बोललो. "रोजाबाय, त्या सभेत मी होतो. मीही हसलो होतो."

ती फुंकर घालत सावकाश चहा पीत होती. "ठाव हाय," म्हणाली. "कोन हसनार न्हाय असा वाटला असता, तं तो बोलला असता का?"

मग तिनं टोपली उचलून डोक्यावर घेतली आणि कमरेवर हात ठेवला. अंगठा मागे होता. ती वळणाला गेल्यावर मी कप उचलायला वाकलो. ओट्यावर बदामाची पानं पडलेली होती, पण कपावर एकही झाकलेलं नव्हतं. चहा तिनं पुरा प्यायला होता.